रानमूग कोणता, रानउडीद कोणता?

गेल्या महिन्यांत गडबहून एका वाचक-भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या सासऱ्यांस वैद्यांनीं एक घृत सांगितलें असून त्याच्या यादींत मुद्गपर्णी आणि माषपर्णी अशीं दोन नांवें आहेत. काष्ठौषधींच्या दुकानांतून दोन पुड्या आणविल्या. सोडून पाहतात तों दोहोंतही सारख्याच तपकिरी काड्या आणि सारखाच पाल्याचा चुरा. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, रानमूग आणि रानउडीद आपल्याच बांधांवर वाटेल तितके आहेत, मग पैसे देऊन हा चुरा कशाला आणावा? तेव्हां ताजे वेल उपटून आणले तर चालतील का, आणि त्यांतला कोणता कोणता हें कसें ओळखावें, असें त्या विचारतात.

घृतांत काय घालावें आणि किती घालावें, हें वैद्यांनीं सांगावयाचें. तो माझा अधिकार नव्हे. ओळखीचा भाग मात्र ह्या सदराच्या कक्षेंतला आहे, आणि ती ओळख नीट पटल्यावांचून कोणताही वेल बांधावरून थेट कढईंत जाऊं नये, इतकें आरंभींच सांगून ठेवितों.

खरी अडचण वेलांची नाहीं, नांवांची आहे. शेतांतल्या धान्यासारखें कांहीं रानांत आपोआप उगवलेलें दिसलें, कीं त्यास 'रान' हा शब्द जोडून मोकळें व्हावें, अशी आपली चाल. एका गांवचा गुराखी रानमूग म्हणून जो वेल दाखवील, तोच दुसऱ्या गांवचा दाखवील असा भरंवसा नाहीं. रानमूग ह्या एका नांवाखालीं निदान तीन निरनिराळ्या वनस्पती येतात. शास्त्रांतली मुद्गपर्णी ही त्यांपैकीं एक. ज्यापासून आपला पेरणीचा मूग झाला तो खरा जंगली मूग ही दुसरी. आणि घाटांतला बडामूग ही तिसरी. तसेंच माषपर्णी हा एक रानउडीद, आणि आपल्या उडदाचा सख्खा पूर्वज हा दुसरा. भारत सरकारनें प्रसिद्ध केलेल्या आयुर्वेदीय औषधसंहितेनें आपल्यापुरता निर्णय केला आहे: मुद्गपर्णी म्हणजे व्हिग्ना ट्रायलोबाटा, जिला जुन्या पुस्तकांत फॅसिओलस ट्रायलोबस म्हणत, आणि माषपर्णी म्हणजे टेराम्नस लेबियालिस. परंतु बांधावरच्या वेलाच्या कपाळीं हें नांव लिहिलेलें नसतें. तें आपणच वाचावें लागतें.

पळसाला पानें तीनच, ही म्हण आपण निराळ्या अर्थानें वापरतों. पण ह्या सगळ्या गोतावळ्यास ती अक्षरशः लागू आहे. मूग, उडीद, मटकी, चवळी, वाल, घेवडा, तूर, आणि त्यांचे रानांतले भाऊबंद, सर्वांचें पान तीन पर्णिकांचें. म्हणून केवळ 'तीन पानांचा वेल' पाहून नांव ठरवूं जाल तर फसाल. हल्लीं पुष्कळ घरांतून मुलें भ्रमणध्वनीवर पानाचें छायाचित्र काढून त्या यंत्रासच नांव विचारतात. त्यास माझी हरकत नाहीं. परंतु यंत्रापुढें पानच ठेवलें, तर तेंही पानावरूनच बोलणार. ह्या कुळांत पान हा सर्वांत लबाड साक्षीदार आहे.

त्याऐवजीं एक लहानशी जागा पाहावी. पानाचा लांब देंठ जेथें खोडास मिळतो, तेथें दोहों बाजूंस इवलीशीं दोन उपपर्णें असतात. मूग, उडीद, मटकी आणि त्यांच्या जवळच्या रानवेलांत हें उपपर्ण आपल्या बुडानें चिकटलेलें नसतें. तें पोटानें चिकटलेलें असतें. म्हणजे त्याचें एक टोंक वर जातें आणि दुसरें खालीं उतरतें, जणूं खोडावर लहानशी ढाल टेकवून ठेवली आहे. माषपर्णीचें उपपर्ण बारीक असून बुडाशींच जोडलेलें असतें. खालीं लोंबणारें टोंक त्यास नाहीं. फूल नसो, शेंग नसो, आषाढांतला कोंवळा वेल असो, एवढ्या एका खुणेनें मुगाचें गोत आणि माषपर्णी हीं वेगळीं काढतां येतात. दहापट मोठें दाखविणारें भिंग जवळ असल्यास उत्तम. नसल्यास दहा वर्षांच्या नातवाचे डोळे पुरेसे होतात.

आतां मुद्गपर्णी. गडबची जागा तिच्या शोधास सोयीची आहे. पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेला खारपट्टा, अलीकडे भातखाचरें आणि त्यांचे बांध, आणि पूर्वेस डोंगराची चढण, अशी तिन्ही प्रकारची भूमि थोडक्या चालीच्या आंत मिळते. मुद्गपर्णी उघड्या जागेची आवड असलेली आहे. ती कुंपणावर चढण्याच्या भानगडींत फारशी पडत नाहीं. बांधावर, वाटेच्या कडेस, लव्हाळ्याच्या आणि हरळीच्या मधून जमिनीस धरून पसरते. तिची पर्णिका लहान, जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी, आणि तीन बोथट भागांत कापलेली; मधला भाग रुंद व पुढें गोलसर. देंठ मात्र पर्णिकेहून लांब. पानांच्या वर मान काढून एक सडपातळ दांडा उभा राहतो आणि त्याच्या शेंड्यावर दोनचार लहान पिवळीं फुलें येतात. शेंग बारीक, गोल, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. आंत बाजरीएवढे दाणे.

आतां गंमत पाहा. नांव मुद्गपर्णी, म्हणजे मुगासारख्या पानांची. आणि पान तर मुगासारखें नाहींच! मुगाची पर्णिका रुंद व बहुधा अखंड, हिची कापलेली. पान मटकीच्या वळणावर गेलेलें आहे. फरक इतकाच कीं मटकीच्या पर्णिकेचे भाग अरुंद आणि खोलवर चिरलेले असतात, तर हिचे उथळ व गोलसर. मुद्गपर्णी ह्या शब्दावर विसंबून मुगासारखें पान शोधीत जो बांधावर जाईल, तो खऱ्या जंगली मुगापाशीं थांबेल आणि मुद्गपर्णीवर पाय देऊन परत येईल.

तिचीं दुसरीं नांवें अधिक प्रामाणिक आहेत. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत तिला काकमुद्गा आणि सहा म्हटलें आहे; लहानपणीं ज्यांनीं अमर घोकला त्यांस हें आठवेल. काकमुद्गा म्हणजे कावळ्यांचा मूग, माणसांच्या ताटांत न येणारा. सहा म्हणजे सोसणारी. गुरें चरून गेलीं, गाडीचें चाक फिरलें, तरी पुन्हां फुटणाऱ्या ह्या वेलास हें नांव शोभतें. भावप्रकाशांत आणखी एक नांव आहे, मार्जारगंधिका. मांजराचा वास ह्या वेलास मला कधीं आला नाहीं, आणि हें नांव मी निघंटुकारांच्या हौसेंत जमा करणार होतों. परंतु आंध्र प्रांतांत ह्याच वनस्पतीस पिल्लिपेसर म्हणतात, असें समजलें. तेलुगूंत पिल्लि म्हणजे मांजर आणि पेसर म्हणजे मूग! संस्कृत निघंटु आणि तेलुगू शेतकरी, दोघांनींही मांजरच कां निवडावें? त्या शेतकऱ्यानें ह्या वेलाचा संसारही निराळा थाटून दिला आहे. भातकापणीच्या सुमारास तो हें बीं खाचरांत टाकतो. उरलेल्या ओलीवर तें वाढतें, गुरांस चारा होतें, आणि उरलें तें नांगरून जमिनींत गाडलें कीं खत होतें. आपल्या पेण-अलिबागकडे त्याच ओलीवर आपण वाल घेतों आणि थंडींत भांबुर्ड्याच्या पाल्यांत मडकें भरून पोपटी लावतों. जो वेल आपल्या बांधावर तण, तोच तिकडे पीक.

माषपर्णीचा स्वभाव अगदीं उलट. तिला आधार लागतो. निर्गुडी, करवंद, मेंदी, जें कुंपण मिळेल त्यास सुतासारखी वेढे घालीत ती वर जाते आणि तेथून खालीं लोंबते. पर्णिका पातळ, अंडाकृति, कडा अखंड. कोठेंही कापलेली नाहीं. पान उलटें करून उजेडाकडे तिरपें धरावें. खालच्या अंगास राखी-पांढुरकी, निजलेली लव दिसेल. वरचें अंग मात्र हिरवें. भावप्रकाशांतील तिचें एक नांव पांडुलोमशपर्णी, म्हणजे पांढुरक्या लवेच्या पानांची. ज्यानें हें नांव दिलें त्यानें पान उलटून पाहिलें होतें, ह्यांत शंका नाहीं. कृष्णवृन्ता हें नांव देंठाकडे बोट दाखवितें. आणि हयपुच्छी, घोड्याच्या शेपटीची, हें अमरकोशांतलें नांव कुंपणावरून लोंबणारे तिचे बारीक सोट पाहिल्यावर मला तरी सहज पटतें. मुद्गपर्णी सहा, तर ही महासहा. म्हणजे जोडीनें नांवें ठेवण्याची प्राचीनांची तऱ्हा येथें दिसते. चरकाच्या जीवनीय दशकांतही ह्या दोघी शेजारीं शेजारीं आहेत. सूर्यपर्णी हें नांव मात्र भावप्रकाशानें दोघींसही देऊन टाकलें आहे. ह्या कुळांतल्या पुष्कळ वनस्पतींचीं पानें दिवसां उन्हाच्या धोरणानें वळतात आणि रात्रीं मिटल्यासारखीं खालीं पडतात, त्यावरून तें आलें असावें असें मला वाटतें. परंतु ओळखण्याच्या कामीं असलें सामाईक नांव निरुपयोगी.

फूल आलें म्हणजे तर संशयच उरत नाहीं. मुगाच्या गोतांतलीं सारीं फुलें पिवळीं. माषपर्णीचें फूल फिकट गुलाबी किंवा जांभळट पांढरें, आणि इतकें लहान कीं तांदळाच्या दाण्याशीं तुलना करावी. त्यांत दहा केसर असतात, पण भिंगानें पाहतां एकाआड एक पांच केसरांचेच परागकोश भरलेले आढळतात. उरलेले पांच नांवाला. शेंग चपटी, अरुंद, सरळ. आणि तिचें टोंक चोंचीसारखें वर वळलेलें. ही वळलेली चोंच वाळल्यावरही राहते. दुकानांतल्या चुऱ्यांत शेंगेचा तुकडा सांपडला, तर आधीं चोंच शोधावी.

पिवळ्या फुलाचीही रचना एकदां उलगडून पाहण्यासारखी आहे. मागें उभा राहतो तो ध्वज, दोहों बाजूंस दोन पंख, आणि मध्यें दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. मुगाच्या गोतांत ही नौका सरळ नसते. ती पिळलेली असते आणि तिच्या एका कुशीस शिंगासारखा पोकळ उंचवटा असतो. शास्त्रज्ञांनीं ह्या गटाचें नांवच सेराटोट्रोपिस ठेविलें आहे. ग्रीक भाषेंत केरास म्हणजे शिंग आणि ट्रोपिस म्हणजे नौकेचा तळ. शिंग आणि नौका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढें मत्स्यावतार उभा राहतो, पण तें असो. माषपर्णीच्या नौकेस असें शिंग नाहीं.

येथवरचें काम सोपें. खरी कसोटी पुढें आहे, ती जंगली मूग आणि जंगली उडीद ह्यांची. हे दोघे गवतांतून, झुडपांतून, डोंगराच्या उतारावर वाढतात. दोघेही वेल, दोघेही केसाळ, दोघांचीं फुलें पिवळीं, दोघांच्या शेंगा पिकल्यावर काळ्या. शेतांतल्या मूग-उडदांतच जेथें पान पाहून भले भले घोटाळतात, तेथें ह्या रानटी जोडीचें काय? पुष्कळ काळपर्यंत विद्वानांनींही दोघांस एकच मानलें आणि ह्या एका आजापासून मूग व उडीद असे दोन नातू झाले, असा वंशवृक्ष काढला. १९८० सालीं लुकोकी, मारेशाल आणि ओतूल ह्या त्रयीनें त्यांची फारकत केली. तेव्हांपासून मुगाचा पूर्वज निराळा आणि उडदाचा निराळा, हें मान्य झालें.

फरक तीन जागीं पाहावा. पहिली जागा, शेंगेची ठेवण. मुगाची शेंग दांड्यापासून आडवी पसरते किंवा खालीं कलते. उडदाची वर तोंड करून उभी राहते. दुसरी जागा, शेंगेवरचे केस. मुगाचे आंखूड, उडदाचे लांब आणि दाट. शिवाय मुगाची शेंग लांब व पुष्कळ दाण्यांची, उडदाची तुलनेनें आंखूड व थोड्या दाण्यांची. तिसरी जागा सर्वांत खात्रीची, ती म्हणजे दाण्याचा डोळा. दाणा शेंगेस जेथें चिकटलेला असतो तेथें जी पांढरी खूण राहते, तिला मी डोळा म्हणतों. चवळीवर ती सर्वांनीं पाहिलेली आहे. मुगाचा डोळा सपाट, दाण्याच्या अंगाशीं समपातळींत. उडदाचा डोळा उंच, कडा वर आलेल्या आणि मध्यें खांच. ही परीक्षा आज दुपारीं स्वयंपाकघरांत करतां येईल. अख्ख्या मुगाचे आणि अख्ख्या काळ्या उडदाचे चार चार दाणे घेऊन डोळ्यावरून नखाचें टोंक हळूच फिरवावें. मुगावर तें निसटतें, उडदावर अडतें. घरांतील वृद्ध स्त्रियांनीं डोळे मिटूनसुद्धां हा भेद ओळखला, तर मला नवल वाटणार नाहीं. जंगली दाणे वजनास घरच्या दाण्यांच्या निम्मेही भरत नाहींत, रंगानेंही काळपट ठिपक्यांचे असतात. पण डोळ्याचा भेद त्यांतही तसाच राहतो. अंग बदललें, डोळा बदलला नाहीं.

ह्या जोडीनें पंडितांचीही कशी त्रेधा उडविली, तें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. लिनियसनें १७५३ सालीं फॅसिओलस रेडिएटस आणि १७६७ सालीं फॅसिओलस मुंगो अशीं दोन नांवें दिलीं. मुंगो हा आपला मूग शब्दच. साहजिकच गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या इंग्रजी ग्रंथांत मुगास मुंगो आणि उडदास रेडिएटस म्हणण्याचा प्रघात पडला. पुढें मूळ नमुने आणि वर्णनें तपासतां उलट प्रकार निघाला: ज्याला लिनियसनें मुंगो म्हटलें होतें तो उडीद, आणि रेडिएटस तोच मूग! शिवाय फॅसिओलस हें कुलनाम अमेरिकेकडील घेवडा-राजम्याच्या कुळाकडे राहिलें आणि आपलीं धान्यें व्हिग्ना ह्या नांवाखालीं आलीं. म्हणून आज शास्त्रशुद्ध लिहावयाचें तर उडीद म्हणजे व्हिग्ना मुंगो आणि मूग म्हणजे व्हिग्ना रेडिएटा. ज्यांच्या घरीं वनस्पतींचीं जुनीं इंग्रजी पुस्तकें आहेत, त्यांनीं तीं वाचतांना ही अदलाबदल ध्यानांत ठेवावी, नाहींतर उडदाचे गुण मुगाच्या पदरांत पडतील.

बडामुगाविषयीं थोडक्यांत सांगतों. हा गडबच्या बांधावर शोधावयाचा नाहीं. खोपोलीवरून घाट चढून खंडाळ्याकडे जावें. ह्याचें शास्त्रीय नांवच व्हिग्ना खंडालेन्सिस. मुंबईच्या सेंट झेविअर कॉलेजांतील फादर सांतापाव ह्यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. हें नांवही त्यांचेंच. बडामूग वेल नव्हे, सरळ उभें वाढणारें उंच झाड आहे, आणि त्याचीं उपपर्णें इतकीं मोठीं कीं तीं शोधावीं लागत नाहींत. एवढ्यावर तो ओळखतां येतो.

मुलांस बरोबर घेऊन जाणाऱ्यांनीं मात्र दोन वेलांची ओळख आधीं करून घ्यावी. खाजकुइलीचेंही पान तीन पर्णिकांचें, पण पुष्कळ मोठें. फुलें काळसर जांभळीं, घोसानें लोंबणारीं. आणि वळणदार शेंगेवर सोनेरी-तपकिरी मखमल. त्या मखमलीस हात लावूं नये. वाऱ्यानें उडालेली लवसुद्धां अंगास आग करते. दुसरी गुंज. तिचें पान तीन पर्णिकांचें नसून चिंचेसारखें अनेक जोड्यांचें आहे, म्हणून मोठ्यांची फसगत होणार नाहीं. परंतु तो लाल दाणा आणि त्यावरचा काळा डोळा मुलांस मोहात पाडतो. दाणा चावला गेल्यास प्राणावर बेतूं शकतें. सोनाराच्या तराजूंतली गुंज म्हणून ती घरांत कौतुकानें ठेवण्याची रीत आहे. ठेवावी, पण मुलांच्या हातीं पडणार नाहीं अशी.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. औषधाची गोष्ट वर आलीच. दुसरी गोष्ट घरांतल्या डब्याची आहे. मुगास भुंगा लागतो. आपण राखेंत घोळतों, एरंडेलाचा हात देतों, उन्हें दाखवितों, तरी श्रावण आला कीं दाण्यास भोंक पडतेंच. १९८० नंतरच्या दशकांत जपानी संशोधकांनीं जगभरचे मुगाचे वाण ह्या भुंग्यापुढें ठेवून पाहिले. मादागास्कर बेटांतून आणलेल्या एका जंगली मुगाच्या दाण्यांवर भुंग्याची मात्रा चालेना. पुढें त्याच रानमुगाशीं घरच्या मुगाचा संकर करून भुंगा न लागणारे वाण करण्याचें काम सुरू झालें. पानें पिवळीं पाडणारा केवडा रोग मुगा-उडदावर येतो, त्याच्याही प्रतिकाराचे गुण अभ्यासक ह्या रानटी सोयऱ्यांत शोधीत असतात. कर्नाटकांतील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत चार हजार वर्षांपूर्वीचे मुगाचे जळके दाणे सांपडले आहेत. इतक्या जुन्या पिकास अजून माहेरच्या मदतीची गरज भासते. आणि तें माहेर कोठें आहे, तर पश्चिम घाटांत आणि त्याच्या पायथ्याशीं, म्हणजे आपल्याच अंगणापलीकडे.

तेथील स्थिति काय आहे? पनवेल ते इंदापूर ह्या ८४ किलोमीटरच्या महामार्गाच्या चौपदरीकरणास २०११ सालापासून हात लागला. रस्ता रुंद व्हावयास हवाच होता, परंतु जुन्या रस्त्याकडेचीं कुंपणें आणि त्यांवरचे वेल कोणत्याही हिशेबांत नव्हते. बांधावर पूर्वीं विळा चाले. विळ्यानें कापलेलें पुन्हां फुटतें. आतां तणनाशकाची फवारणी होते. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, शेतांत फवारणें ही एक गोष्ट आणि बांध जाळून टाकणें ही दुसरी. गवतापासून पिकास होणारा उपद्रव टाळण्यासाठीं बांधाची आंतली कड पुरेशी आहे.

ज्यांस बीं गोळा करावयाचें असेल त्यांनीं आश्विन-कार्तिकाची वेळ धरावी. जंगली शेंग वाळली कीं पिळा पडून तडकते आणि दाणे दूर फेंकते. म्हणून शेंग काळी पडूं लागतांच तीवर कागदाची पिशवी बांधावी किंवा सकाळच्या दंवांत ती खुडावी. वेल उपटूं नये. पिशवींत एक चिठ्ठी टाकावी: दिवस, जागा, फुलाचा रंग, वेल जमिनीवर होता कीं कुंपणावर. पुढें हीच चिठ्ठी वैद्यांस किंवा कृषि महाविद्यालयांतील जाणत्यांस दाखवितां येते.

आणि ज्यांस कार्तिकापर्यंत धीर नाहीं त्यांनीं मोड आलेलीं कडधान्यें घेऊन एक प्रयोग करावा. चार कुंड्यांत मूग, उडीद, मटकी आणि हरभरा लावावा. हरभऱ्याच्या दोन्ही डाळिंब्या मातींतच राहतात, नुसता कोंब वर येतो. बाकीच्या तिघांच्या डाळिंब्या माती फोडून वर येतात. पण खरी मौज पुढच्या पानांत आहे. मूग आणि उडीद ह्यांचीं पहिलीं दोन साधीं पानें खोडास थेट बसलेलीं असतात, त्यांस देंठ नसतो. मटकीच्या पहिल्या दोन पानांस देंठ असतो. मुद्गपर्णीचें बीं मिळाल्यास तें पांचव्या कुंडींत लावावें. मात्र जंगली बियांचें कवच कठीण असल्यामुळें दाण्याची एक बाजू, डोळा सोडून, दगडावर किंचित् घासून घ्यावी. तिच्याही पहिल्या पानांस देंठ दिसेल. नांव मुगाचें असलें तरी गोत मटकीचें, हें ती उगवतांनाच सांगून टाकते.